बादाखोस : खिंडार आणि शिडी

शुक्रवार : लिस्बन ते एल्वास

मुलगी लिस्बनला शिकते. सुट्टीत सेव्हिलला जाऊ असं तिचं मत होतं, माझं स्पेनच्या सीमेवरच्या बादाखोसला, 1812 चा वेढा जिथं झाला ती जागा बघायला. "बाबा, बादाखोसला मुद्दाम कुणी जात नाही हो. स्पेनचे लोकसुद्धा पोर्तुगालला जाताना तिथं फक्त पेट्रोल भरतात," ती म्हणाली. शेवटी येताना सेव्हिल करायचं ठरलं आणि सकाळी सेते रिओसच्या बसस्थानकावरून आम्ही एल्वासची गाडी धरली.

आलेंतेजोचा हा भाग म्हणजे मैलोन्मैल बुचाची झाडं. साल सोललेले बुंधे गेरू फासल्यासारखे तांबडे दिसतात आणि प्रत्येकावर पांढरा आकडा रंगवलेला असतो. साल काढल्याच्या वर्षाचा तो शेवटचा अंक. नवी साल जाड व्हायला नऊ वर्षं लागतात, तोवर त्या झाडाला हात लावायचा नाही. खिडकीतून आकडे वाचण्यात तास गेला.

सुमारे तीन तासांत एल्वास आलं. गावात शिरण्याआधीच आमोरेइराचा जलसेतू आडवा येतो. आठशेवर कमानी, काही ठिकाणी एकावर एक चार मजले, आणि 1622 मध्ये पुरं झालेलं हे काम आजही ताठ उभं आहे. गाव टेकडीवर, भोवती तारेच्या आकाराचा तट, दक्षिणेला सांता लुझियाचा किल्ला, उत्तरेच्या उंच डोंगरावर ग्रासाचा किल्ला. 2012 मध्ये हे सगळं जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आपल्याकडे गड म्हटला की कडा आणि उंची. इथं भर सपाटीतल्या भूमितीवर. तोफेचा गोळा आपटू नये म्हणून भिंत उंच बांधायचीच नाही, ती खंदकात लपवायची, आणि प्रत्येक बुरुजाच्या माऱ्यात शेजारच्या बुरुजाचा पाय येईल असे कोन काढायचे. वर उभं राहिलं की कळतं, नकाशावर मात्र नुसतं नक्षीकाम वाटतं.

एल्वासहून बादाखोस वीसेक किलोमीटर. मध्ये सपाट मैदान आणि सीमा. 1808 पासून नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये होत्या, आणि पोर्तुगालमध्ये पाय रोवलेल्या ब्रिटिशांना स्पेनमध्ये शिरायला दोनच दारं होती. उत्तरेला सिउदाद रोद्रिगो, दक्षिणेला बादाखोस. दोन्ही दारांना फ्रेंचांची कडी. 19 जानेवारी 1812 च्या रात्री वेलिंग्टननं उत्तरेचं दार फोडलं आणि तो गुपचूप दक्षिणेला सरकला. त्याच्या तयारीचं कोठार म्हणजे हे एल्वास.

वेलिंग्टन म्हणजे आपला ओळखीचा आर्थर वेलस्ली. 1803 मध्ये नगरचा किल्ला घेणारा आणि असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा. लढाई बैलांच्या खांद्यावरून जाते हे तो दख्खनमध्ये शिकला होता. इथंही वेढ्याच्या तोफा लिस्बनहून पाण्यानं आल्कासेर दो सालपर्यंत आल्या आणि पुढं खुष्कीनं बैल जुंपून एल्वासपर्यंत ओढत आणल्या. त्यांतल्या वीस तोफा चक्क रशियन नौदलाच्या होत्या. ब्रिटिशांच्या गोळ्यांचं माप त्यांच्या नळीला धड बसेना, म्हणून गोळे निवडून निवडून घ्यावे लागले.

संध्याकाळी इंग्रजांची दफनभूमी शोधली. तटालगत, एका जुन्या कोटाच्या आत, घरामागच्या परसाएवढी जागा. थडगी अगदी मोजकी. त्यांतलं एक जनरल हॉटनचं, जो 1811 मध्ये अल्बुएराच्या लढाईत पडला. बाकी भिंतीवर पलटणींच्या नावाच्या पाट्या. बादाखोसला मेलेले हजारो शिपाई तिथल्याच मातीत, खुणेविना गाडले गेले. जागा स्वच्छ आहे आणि समोर मैदान दिसतं.

रात्री सेरिकाया खाल्ली. अंडी, दूध आणि दालचिनीचा मऊ गोड पदार्थ, वर एल्वासचं पाकातलं प्लम. मुलीनं दोन खाल्ल्या आणि बादाखोसविषयीची तक्रार तात्पुरती मागे घेतली.

शनिवार : नदी, पूल आणि मेनाचो

सीमेवर पाटीखेरीज काही नाही, पण घड्याळ एक तास पुढं जातं. दहाला निघालेले आम्ही वीस मिनिटांचा प्रवास करून साडेअकराच्या सुमारास बादाखोसला पोचलो. वर स्पेनचं जेवण दुपारी दोननंतर. म्हणजे घड्याळ पुढं आणि पोट मागं.

बादाखोसमध्ये शिरायचं तर पुएन्ते दे पाल्मासवरून चालत शिरावं. अर्ध्या किलोमीटरहून लांब दगडी पूल, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. खाली ग्वादियाना. पंधराव्या शतकापासून इथं पूल आहे आणि महापुरानं तो वेळोवेळी तोडलाय, पुन्हा बांधलाय. पलीकडे पुएर्ता दे पाल्मास, 1551 ची वेस, दोन गोल बुरुजांची. पुस्तकातल्या चित्रात असते तशी नेटकी.

पुलाच्या मध्यावर थांबून खाली बघितलं तर काठानं हिरवा गालिचा. जलपर्णी! तिला इथं कामालोते म्हणतात. 2004 पासून या नदीच्या मागं लागली आहे आणि ती काढायला यंत्रं, होड्या, सैन्याची मदत असं सगळं होऊन गेलंय. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्या माणसाला परदेशात इतकं ओळखीचं काही भेटलं नव्हतं.

पुलावरून गावाची ठेवण एका नजरेत येते. उत्तरेला नदी, तिच्या काठावर डावीकडे टेकाड, त्यावर मुसलमानी काळातला बालेकिल्ला, अल्कासाबा. नदीच्या या बाजूला, बालेकिल्ल्यासमोरच्या टेकडीवर सान क्रिस्तोबालचा किल्ला. गावाच्या बाकीच्या अंगांना बुरुजांची माळ, आणि पूर्वेकडून तटाच्या पायथ्याशी येऊन नदीला मिळणारा रिविल्यासचा ओढा. नदी एका बाजूचा पहारा फुकट देते, म्हणून गाव इथं वसलं. 875 साली इब्न मरवाननं वसवलं तेव्हापासून हाच हिशेब.

गावात सगळ्यात गजबजलेला रस्ता काये मेनाचो. कपड्यांची, बुटांची दुकानं, आइस्क्रीम, खांद्यावर पिशव्या घेतलेल्या पोरी. मेनाचो कोण हे मी एका दुकानात विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी क्षणभर विचार करून मुलीला सांगितलं, "जनरल होते. गाव सोडलं नाही त्यांनी."

एका ओळीत एवढं बरोबर क्वचितच कुणी सांगेल. 1811 च्या सुरुवातीला फ्रेंच मार्शल सूल्तनं बादाखोसला वेढा घातला तेव्हा राफाएल मेनाचो स्पॅनिश किल्लेदार होता. गावकरी आणि शिबंदी घेऊन तो नेटानं लढत होता. 4 मार्चला तटावर उभा असताना गोळा लागून गेला. त्याच्या जागी आलेल्या इमासनं आठवड्याभरात किल्ला फ्रेंचांच्या हवाली केला, आणि तोही मदतीला फौज निघाल्याचं कळल्यावर. त्यानंतर मे आणि जूनमध्ये ब्रिटिशांनी दोनदा वेढे घातले, दोन्ही फसले. जूनमध्ये एल्वासहून आणलेल्या तोफा तर सतराव्या शतकातल्या पितळी होत्या. डागता डागता त्यांचीच तोंडं वाकायला लागली.

1812 चा वेढा हा तिसरा ब्रिटिश प्रयत्न. इंग्रजी पुस्तकं या एकाच वेढ्याची. गावातला मुख्य रस्ता मात्र त्याच्या आधीच्या वेढ्यात मेलेल्या माणसाचा. हे डोक्यात ठेवून पुढचे दिवस फिरलो.

दुपारी मिगास मागवले. शिळा पाव कुस्करून, लसूण आणि लाल पिमेंतोन घालून परतायचा. आमच्याकडे फोडणीची पोळी होते अगदी तशीच गोष्ट, फक्त हिंग-हळदीच्या जागी धुरावलेली मिरची. शाकाहाऱ्यांनी सांगून घ्यावं, नाहीतर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे हमखास असतात.

रविवार : तट

सकाळी लवकर निघालो. गावाच्या आग्नेयेला सान मिगेल नावाचा चढ आहे, तिथून सुरुवात केली, कारण वेढाही तिथूनच सुरू झाला. 16 मार्चला फौजेनं गाव वेढलं आणि 17 च्या रात्री, पावसात आणि वाऱ्यात, पहिला चर खणायला घेतला. आवाज वाऱ्यात विरला म्हणून फ्रेंचांना सकाळपर्यंत पत्ता नव्हता.

वेढा म्हणजे बहुतांशी खणकाम. तटाला समांतर एक चर, त्यातून नागमोडी पुढं जाऊन दुसरा, मग तोफांचे मोर्चे, आणि मग एकाच जागी दिवसेंदिवस गोळे मारून तटाला खिंडार. हे काम जाणणारे शिपाई वेलिंग्टनकडे जवळजवळ नव्हतेच. सॅपर्स म्हटलं की आपल्याला खडकी आठवते, पण ब्रिटिश सैन्यात तेव्हा तशी तरबेज पलटण उभी नव्हती. साध्या पायदळाच्या हाती कुदळी दिल्या होत्या. मुख्य इंजिनिअर फ्लेचर 19 तारखेलाच जखमी झाला. किल्ल्यातून अचानक छापा आला, गोळी त्याच्या खिशातल्या नाण्यावर बसली आणि नाणं जांघेत घुसलं. पुढचा वेढा त्यानं तंबूत आडवं पडून चालवला. 22 ला ग्वादियाना फुगली, फौजेचा होड्यांचा पूल वाहून गेला, चरांत पाणी भरलं.

आत किल्लेदार होता आर्मां फिलिपाँ. पाचेक हजारांची शिबंदी आणि भरपूर कल्पकता. त्यानं रिविल्यासचा ओढा सान रोकेपाशी अडवून तटाबाहेर तळंच करून टाकलं. त्यामुळे चर सरळ तटापर्यंत नेता येईना, हल्ला करायचा तर पाण्याला वळसा घालून अरुंद पट्टीतून. आज तो ओढा काँक्रीटच्या पात्रात बंदिस्त आहे, काठानं फिरायची वाट आहे. पण त्याला हलकं घेऊ नये. नोव्हेंबर 1997 च्या एका रात्री हाच ओढा फुगून वस्तीत शिरला आणि वीसहून अधिक माणसं घेऊन गेला. ओढ्याकाठी बाकावर बसलेल्या एका आजोबांशी मुलगी बोलत होती. त्यांना 1812 शी काही देणंघेणं नव्हतं, पाणी त्या रात्री कुठवर चढलं होतं ते त्यांनी हात डोक्यावर नेऊन दाखवलं.

पिकुरिनाचा बाहेरचा किल्ला 25 मार्चच्या रात्री पडला. आता तो भाग इमारतींत हरवलाय, तिथं मी वेळ घालवला नाही. पार्दालेरास नावाचा दुसरा बाहेरचा कोट मात्र गंमतीचा आहे. कोटाच्या जागी पुढं तुरुंग झाला, आणि तुरुंगाच्या जागी आता आधुनिक चित्रकलेचं संग्रहालय.

खरी जागा त्रिनिदाद आणि सांता मारिया या दोन बुरुजांची. दोन्हींत, आणि 6 एप्रिलला त्यांच्यामधल्या तटात, अशी तीन खिंडारं पाडली. वेलिंग्टनला घाई होती. सूल्त आंदालुसियाहून निघाला होता. सावकाश, शास्त्रानुसार खंदकाची बाहेरची भिंत पाडत बसायला वेळ नव्हता. त्या रात्रीच सुलतानढवा ठरला. साडेसातची वेळ दहावर ढकलली, आणि त्या अडीच तासांत आतल्यांनी खिंडारांत काय काय मांडून ठेवलं! तलवारीची पाती ठोकलेले ओंडके साखळीनं जखडले. उतारावर खिळे मारलेल्या फळ्या सोडल्या. खाली सुरुंग पेरले. खंदकाचा एक भाग खोल करून त्यात पाणी सोडलं होतं. पहिल्या झपाट्यात उड्या मारणारे कित्येक अंधारात त्यात बुडून मेले. पाणी चुकवून बाजूला सरकलेले एका अर्धवट बुरुजावर चढले आणि तेच खिंडार समजून तिथंच अडकले.

लाइट डिव्हिजन आणि चौथी डिव्हिजन दोन तास खिंडारावर आदळत राहिली. चाळीसवर हल्ले झाले असं इंग्रजी वर्णनांत येतं. एकही माणूस पार गेला नाही. मी तिथं उभा होतो तेव्हा खंदकाच्या जागी बाग होती, एक आई गाडीतल्या लेकराला फिरवत होती आणि दोन पोरं भिंतीवर बॉल मारत होती. तटाची उंची नजरेनं मोजली. दिवसाउजेडी, रिकाम्या हातानं, कुणी गोळी मारत नसताना मी तो चढलो नसतो.

तटाला लागून पुढं सान रोकेचा बुरूज. त्याच्या पोटात गोल, पांढरट, काचेसारखी इमारत आहे, परिषदांसाठी बांधलेली. तिथं आधी बैलझुंजीचं रिंगण होतं. स्पेनच्या यादवी युद्धात, 14 ऑगस्ट 1936 ला, फ्रँकोच्या बाजूची फौज याग्वेच्या हाताखाली याच त्रिनिदादच्या बाजूनं गावात शिरली आणि पकडलेल्यांना या रिंगणात नेऊन गोळ्या घातल्या. बादाखोसमध्ये 'ते' म्हणून आवाज खाली करून जे बोललं जातं ते 1936 बद्दल. 1812 हा त्यांच्यासाठी आता निव्वळ इतिहास.

ऊन चढल्यावर खोलीवर जाऊन झोपलो. गाव झोपतं तेव्हा आपणही झोपावं, पर्याय नसतो.

सहाला अल्कासाबा. युरोपातल्या मोठ्या मुसलमानी बालेकिल्ल्यांपैकी हा एक. आल्मोहाद या मुसलमानी राजवटीच्या काळातला तट, मातीचा, ठोकून घट्ट केलेला, उन्हात मधासारखा रंग. आत बाग, पुराणवस्तू संग्रहालय, जुन्या लष्करी इस्पितळात ग्रंथालय. पूर्वेकडे एस्पान्तापेर्रोसचा अष्टकोनी बुरूज, त्यावर करकोच्यांची घरटी.

ब्रिटिश जनरल पिक्टनची तिसरी डिव्हिजन इथं चढली. मुख्य हल्ला खिंडारांवर होता. इथला हल्ला पिक्टननं हट्टानं मागून घेतलेला. तट धड, एकही दगड न ढळलेला. भरवसा फक्त शिड्यांवर. आत फ्रेंचांनी थोडीच माणसं ठेवली होती, त्यांतले बरेच हेसे-डार्मश्टाटचे जर्मन. तट उंच, खालून चढणार कोण, हा हिशेब. शिड्या लागल्या, ढकलल्या गेल्या, मोडल्या. वरून ओंडके, दगड, पेटते गोळे. पिक्टन जखमी, त्याच्या हाताखालचा केम्प्ट जखमी. मग रिज नावाच्या लेफ्टनंट कर्नलनं तट जरा बुटका आहे अशी जागा हेरली, तिथं एक शिडी लावली आणि स्वतः चढला. शेजारी दुसरी शिडी लागली. दोन शिड्यांवरून माणसं आत पडायला लागली आणि मध्यरात्रीच्या आत बालेकिल्ला गेला. रिज आतच मारला गेला. 45 व्या पलटणीच्या मॅक्फर्सननं फ्रेंच निशाण उतरवून त्याजागी स्वतःचा लाल कोट टांगला. त्या पलटणीचं गाव नॉटिंगहॅम. तिथल्या किल्ल्यावर आजही 6 एप्रिलला लाल कोट फडकवतात.

मी अमरावतीचा. गाविलगड लहानपणापासून पाहिलेला. 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला तेव्हा बाहेरच्या तटाला खिंडारं पडली होती, पण आतला तट आणि दरवाजे शाबूत होते. फौज आत शिरून चिंचोळ्या वाटेत कोंडली. तेव्हा 94 व्या पलटणीच्या एका कंपनीनं कडेच्या चढावरून शिडी नेली, आतल्या तटाला लावली, उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढून मेला. ती 94 वी पलटण नऊ वर्षांनी बादाखोसला पिक्टनच्या डिव्हिजनमध्ये होती, याच तटाखाली. असईला सगळ्यात जास्त मार खाल्लेली 74 वीसुद्धा. माणसं बरीच बदलली असतील, पण शिडीचा धडा पलटण विसरली नसावी असं मला वाटतं. हा माझा अंदाज. इतिहासकारांनी त्यावर काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मुलीला हे सगळं सांगितलं. ती तटावरून खाली वाकून बघत म्हणाली, "आणि वेलस्ली दोन्हीकडे मागे उभा होता ना?"

होता. तेच त्याचं काम होतं, पण प्रश्न रास्त आहे.

नदीकडच्या कोपऱ्यावर, सान विसेंतेच्या बुरुजावरही लीथची डिव्हिजन शिड्यांनीच चढली. शिड्या आखूड पडल्या तरी चढली. तिथून ती रस्त्यांतून बिगुल वाजवत खिंडारांच्या पाठीशी आली, तेव्हा खिंडारं राखणारे फ्रेंच पांगले. फिलिपाँ काही माणसांनिशी पाल्मासचा पूल ओलांडून सान क्रिस्तोबालवर गेला आणि 7 च्या सकाळी शरण आला. म्हणजे ज्या कामासाठी तीन आठवडे खणलं, तोफा ओढल्या, त्या खिंडारातून अखेरपर्यंत कुणी लढून आत गेलं नाही. गाव पडलं ते दिशाभूल म्हणून ठेवलेल्या शिड्यांनी. त्या एका रात्रीत साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यांत पोर्तुगीजही बरेच. सकाळी खिंडारातला ढीग बघून वेलिंग्टन रडला म्हणतात. त्यानं लंडनला लिहिलं की आपल्या सैन्याला पुन्हा अशा कसोटीला घालण्याची वेळ माझ्यावर न येवो.

सोमवार : चौक

सोमवारी स्पेनमधली बहुतेक संग्रहालयं बंद. म्हणून नुसतं गाव. प्लासा आल्ताच्या लाल-पांढऱ्या नक्षीच्या भिंती, मग उतरत प्लासा दे एस्पान्या आणि किल्ल्यासारखं दिसणारं कॅथेड्रल. कॉफी घेऊन चौकात बसलो.

इथून पुढची गोष्ट इंग्रजी पुस्तकं भरभर उरकतात. तट पडल्यावर जिंकलेल्या सैन्यानं हे गाव तीन दिवस लुटलं. दारूची कोठारं फोडली, घरं फोडली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. चर्चही सोडलं नाही. अडवायला आलेल्या आपल्याच अधिकाऱ्यांवर बंदुका रोखल्या. अखेर वेलिंग्टननं चौकात फाशीचे खांब उभे केले. फाशी कुणाला दिली गेल्याची नोंद नाही. दारू संपली, अंगातला जोर ओसरला, तेव्हा ते थांबले.

हे शत्रूचं गाव असतं तरी ते माफ नव्हतं. पण हे मित्राचं गाव होतं. ज्या स्पेनला सोडवायला आलो असं ब्रिटिश सांगत होते, त्याच स्पेनचं. या लोकांनी वर्षभरापूर्वी मेनाचोच्या मागं उभं राहून फ्रेंचांशी दोन हात केले होते. समर्थनार्थ सांगतात की तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे खिंडार पडल्यावरही शरण न आलेल्या किल्ल्याला दया मागायचा हक्क नसे. तो रिवाज शिबंदीसाठी होता. आणि गंमत अशी की शिबंदीतले फ्रेंच बहुतेक जिवंत कैद झाले, मार खाल्ला तो घरात बसलेल्यांनी.

त्या गोंधळात दोघी बहिणी ब्रिटिश छावणीत आसरा मागायला आल्या. कानांतले डूल ओरबाडून नेल्यानं धाकटीचे कान रक्ताळलेले. तिचं नाव हुआना मारिया दे लोस दोलोरेस दे लेओन, वय नुकतंच चौदा. हॅरी स्मिथ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं काही दिवसांतच तिच्याशी लग्न केलं आणि पुढं जन्मभर ती त्याच्यासोबत छावण्यांतून हिंडली. 29 डिसेंबर 1843 ला ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली तेव्हा ही हुआना हत्तीवर बसून रणांगणावर होती. तोफांचे गोळे जवळून गेले म्हणून गव्हर्नर जनरल एलनबरोनं तिला आणि इतर बायकांना पदकं दिली. दक्षिण आफ्रिकेतलं लेडीस्मिथ तिच्याच नावाचं. बोअर युद्धात ते गावही वेढ्यात अडकलं, आणि त्याच्या सुटकेच्या मोहिमेत जखमी उचलणाऱ्या हिंदी लोकांच्या तुकडीत गांधी होते.

इंग्रजीत ही मोठी प्रेमकथा म्हणून सांगतात. असेलही, दोघांचं पटलं हे खरं. पण मुलीनं ती पूर्ण ऐकून एवढंच विचारलं, "आणि थोरल्या बहिणीचं काय झालं?" थोरलीला कुणी पुस्तकात जागा दिलेली नाही.

संध्याकाळी पूल ओलांडून सान क्रिस्तोबालच्या टेकडीवर चढलो. किल्ला बाहेरून पाहिला. मुख्य लाभ समोरच्या देखाव्याचा : नदी, पूल, वेस, अल्कासाबाचा तट, सगळं एका ओळीत. वेढ्याचं वर्णन वाचून डोकं गरगरलं असेल तर इथं नकाशा उघडून बसावं, अर्ध्या तासात सगळं जागेवर बसतं. खरं तर इथं पहिल्याच दिवशी यावं.

मंगळवार : अल्बुएरा, ओलिवेन्सा

टॅक्सी केली. अल्बुएरा आग्नेयेला वीसेक किलोमीटर. 16 मे 1811 ला, ब्रिटिशांचा पहिला फसलेला वेढा उठवायला आलेल्या सूल्तला ब्रिटिश सेनापती बेरेसफर्डनं इथं अडवलं, आणि काही तासांत दोन्हीकडची मिळून बारा हजारांवर माणसं पडली. आता गव्हाची शेतं, ओढा, चौकात स्मारक. दर मे महिन्यात गावकरी त्या लढाईचा देखावा उभा करतात. आम्ही एप्रिलात होतो, गाव सुस्त होतं.

ओलिवेन्सा त्याउलट टवटवीत. 1801 पर्यंत हे पोर्तुगालचं गाव, तेव्हापासून स्पेनच्या ताब्यात, आणि पोर्तुगालनं हक्क आजही सोडलेला नाही. रस्त्यांच्या पाट्यांवर जुनी पोर्तुगीज नावंही आहेत. माग्दालेना चर्चमधले पिळाचे खांब बघण्यासारखे, दोर वळल्यासारखे. बदामाचा तेकुला मेकुला नावाचा केक इथला, तो खावाच.

परतताना टॅक्सीवाल्यांना विचारलं, बादाखोसला इंग्रज येतात का वेढा बघायला. "येतात," ते म्हणाले, "पुस्तक हातात घेऊन तटाभोवती फिरतात आणि संध्याकाळी विचारतात की वेलिंग्टनचा पुतळा कुठंय."

"मग तुम्ही काय सांगता?"

"मेनाचो रस्त्यावर दुकानं रात्री साडेआठपर्यंत उघडी असतात, असं सांगतो."

जाणाऱ्यांसाठी : जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तटावर फिरणं विसरा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर चांगला. सोमवार टाळा. एल्वासला मुक्काम ठेवून बादाखोस एका दिवसात उरकणारे खूप भेटले, त्यांच्या हाती फक्त पूल आणि वेस लागते. सेव्हिलची बस दुपारची होती, आम्ही ती धरली.